व्याजाचा भाव आणि हॉलमधला कापूस

"मॅडम, आज काय भाव?"

बँकेचं शटर वर गेलं की थोड्याच वेळात माझ्या टेबलापुढे हा प्रश्न यायचा. विचारणारे नवीन जालना भागातले बियाण्यांचे एक व्यापारी. अख्खा बाजार त्यांना शेटजी म्हणायचा, मीही म्हणायचे. त्यांचे पूर्वज कधीकाळी राजस्थानातून आले आणि इथलेच होऊन गेले. शेटजींना विचारायचा असायचा तो व्याजाचा भाव. मक्याला, सरकीला, सोयाबीनला भाव असतो तसा पैशालाही असणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. 'दर' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे लक्षात आलं, की मी दर म्हणाले की समोरच्याचा चेहरा कोरा राहतो आणि भाव म्हणाले की तो खुर्ची पुढे ओढून बसतो. मग मीही भावच म्हणायला लागले. आमच्या साहेबांना ते रुचायचं नाही. पण साहेब दर दोन-तीन वर्षांनी बदलायचे आणि गिऱ्हाईक तेच राहायचं.

या अंकासाठी बँकेतले अनुभव लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होते. नोकरी कुठे लागली, बढती कधी मिळाली, कोणत्या बदलीच्या वेळी मुलगी दहावीत होती, हे सगळं ऐकून माझा नवरा कंटाळलेला आहे. तुम्ही तर परके. तेव्हा ते सोडून देते. माझ्या नोकरीची शेवटची बरीच वर्षं जालन्याच्या शाखेत घरकर्जाच्या टेबलावर गेली आणि तिथलंच थोडं सांगते. नवीन कर्ज देण्याचं टेबल शेजारी होतं. तिथे पेढे यायचे. माझ्याकडे यायचे ते कर्ज घेऊन बसलेले लोक. व्याज कुठेतरी खाली-वर झाल्याचं कानावर आलेलं असायचं आणि आता आपण काय करायचं, हे विचारायला ते यायचे. माझ्याकडे पेढे फार उशिरा यायचे, पण आले की पोटभर यायचे.

बाहेरच्या माणसाला हे काम काय आहे ते सांगायला हवं. लोकांना वाटतं कर्ज मंजूर झालं, घर बांधलं, हप्ता सुरू झाला, विषय संपला. तसं नसतं. घराचं कर्ज वीस-वीस वर्षं चालतं. तेवढ्या काळात सरकारं बदलतात, सासरे जातात, जावई येतात आणि व्याज कितीदा तरी वर-खाली होतं. गंमत अशी, की बँक नव्या गिऱ्हाइकाला जो भाव देते तो जुन्याला आपण होऊन देत नाही. जुन्याने तो मागावा लागतो. त्यासाठी एक अर्ज असतो, थोडी फी असते आणि सह्या असतात. अर्ज केला नाही तर माणूस वर्षानुवर्षं जुन्याच भावाने भरत राहतो. कोणी त्याला फसवलेलं नसतं, फक्त कोणी सांगितलेलं नसतं. हे वाक्य मी नोकरीत असताना लिहिलं नसतं. आता पेन्शन सुरू झालंय.

दुसरा रस्ता म्हणजे कर्जच उचलून दुसऱ्या बँकेत न्यायचं. नवी बँक जुनीचे पैसे फेडते, घराचे कागद स्वतःकडे घेते आणि पुढचे हप्ते तिला जातात. ऐकायला सोपं आहे. पण नवी बँक वकील लावून कागद तपासते, घराची किंमत काढायला माणूस पाठवते, स्टँपचा खर्च होतो, फी जाते. म्हणून फक्त भाव पाहून चालत नाही. कर्जाची वर्षं किती राहिली तेही पाहावं लागतं. सुरुवातीच्या हप्त्यांत बहुतेक पैसे व्याजातच जातात, तेव्हा भाव उतरण्याचा फायदा मोठा. कर्ज शेवटाला आलं की व्याज थोडंच उरतं. तेव्हा घर बदलल्यासारखं सामान बांधून निघण्यात काही राम नसतो.

आमचे एक डॉक्टर होते. माणूस हुशार, हात गुणी, माझ्या आईचा गुडघा त्यांनीच बरा केला. पण कुठेही व्याज जरा उतरल्याचं कळलं की यांचं कर्ज निघालंच. या बँकेतून त्या बँकेत, तिथून एका फायनान्स कंपनीत, तिथून परत आमच्याकडे. घराचे कागद जेवढे फिरले तेवढे डॉक्टर स्वतः फिरले नसतील. दर वेळी नवी बँक म्हणायची, थोडे जास्तीचे पैसेही घ्या की. डॉक्टर घ्यायचे. एकदा गाडी आली, एकदा टेरेसवर शेड आली. आणि दर वेळी कर्ज पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरू व्हायचं. एक दिवस मी त्यांना म्हणाले, "डॉक्टर, तुमचा भाव दर वेळी कमी होतोय, पण कर्ज तिथंच आहे." त्यांनी कागद आपल्याकडे ओढला. मग म्हणाले, "मॅडम, हे म्हणजे मी पेशंटचा ताप मोजतोय आणि औषध देत नाहीये." त्यानंतर त्यांनी कागद हलवले नाहीत. कर्ज फिटलं तेव्हा माझ्यासाठी काजूकतली आणि माझ्या आईसाठी गुडघ्याचा पट्टा घेऊन आले.

पण ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते जोडपं जाफराबादचं. शोभाताई मगरे आणि त्यांचे यजमान किसनराव.

शोभाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गावात शिक्षिकेला बाई म्हणतात, म्हणून किसनरावही बायकोला बाईच म्हणायचे, तेही चारचौघांत. स्वतः ते शेती करायचे आणि चांगली करायचे. कापूस, थोडं सोयाबीन, विहिरीला पाणी. कपडे कायम पांढरेशुभ्र आणि बोलणं सावकाश. कर्ज शोभाताईंच्या पगारावर होतं, पण प्लॉट दोघांच्या नावावर असल्याने किसनरावही सहकर्जदार होते. म्हणजे कर्जात काहीही बदल करायचा तर दोघांच्या सह्या लागणार.

कोरोना ओसरत आला होता तेव्हा शोभाताई पहिल्यांदा माझ्याकडे आल्या. त्या काळात व्याज खूप उतरलं होतं. कुठल्यातरी कंपनीच्या पोराने शाळेत येऊन सगळ्या शिक्षकांना सांगितलं होतं, की तुमचं कर्ज आमच्याकडे आणा, लाखभर वाचतील. शोभाताई मोठ्या पिशवीत सगळे कागद घेऊन आल्या होत्या.

"मॅडम, खरं सांगा," त्या म्हणाल्या. "जाऊ का न्हाई? तुमची बँक आहे म्हणून तुम्ही तुमच्याच बाजूनं बोलाल, हे धरून चालते मी."

मला ती बाई तिथंच आवडली. मी हिशेब मांडला. त्यांचं कर्ज जुन्या पद्धतीचं होतं, जिथं व्याज वर जाताना पटकन जातं आणि खाली येताना रेंगाळतं. आमच्याच बँकेत नव्या पद्धतीत आणलं असतं तर रिझर्व्ह बँकेच्या दराबरोबर ते हललं असतं. फी किरकोळ होती आणि कागद तिजोरीतून बाहेर काढायचीही गरज नव्हती. बाहेर जाण्यापेक्षा हेच त्यांच्या फायद्याचं होतं. हेही सांगितलं, की नवी पद्धत खाली लवकर येते तशी वरही लवकर जाते.

"मला फक्त एक पाहिजे," शोभाताई म्हणाल्या. "मी रिटायर होईन त्याच्या आधी घराचे कागद माझ्या हातात पाहिजेत."

मी विचारलं, कागदांचं एवढं काय आहे? त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, की नोकरीची पहिली बरीच वर्षं या गावाहून त्या गावाला बदल्या झाल्या आणि प्रत्येक ठिकाणी भाड्याची खोली. बहुतेक घरमालकांची एकच अट, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. कॅलेंडर दाराच्या कडीला अडकवायचं, पिशव्या जमिनीवर, बुद्धाची तसबीर पेटीवर टेकवून ठेवायची. जाफराबादला स्वतःचं घर झालं तेव्हा त्यांनी गवंड्याकडून हातोडी मागून घेतली आणि पहिल्याच संध्याकाळी घरभर खिळे ठोकले, काय अडकवायचं ते ठरलेलं नसताना. "पण कागद तुमच्याकडे आहेत तोवर मला वाटतं, बँक कधीतरी येऊन म्हणल, खिळे काढा." हे त्या हसत म्हणाल्या. मला हसता आलं नाही. माझे वडील रेल्वेत होते, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. वडील रिटायर झाले त्या महिन्यात आईने भिंतीवरचे आमच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा ओल्या फडक्याने पुसल्या होत्या, कारण क्वार्टर जसं घेतलं तसं परत द्यायचं होतं.

दोन दिवसांनी शोभाताई किसनरावांना घेऊन आल्या. मी सगळं परत समजावलं. किसनरावांनी शांतपणे ऐकलं, पाणी प्यायले आणि विचारलं, "मॅडम, आज जो भाव हे, त्याच्यापेक्षा अजून पडंल का?"

"पडूही शकेल," मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं?

"मंग थांबू. पडत्या भावात जल्दी करायची न्हाई. कापूस इकायचा असंल तर भाव चढस्तोवर थांबतो, आन घ्यायचं काही असंल तर उतरस्तोवर. हे बी तसंच."

शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. सही काही झाली नाही. अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला.

किसनरावांना हटवणं सोपं नव्हतं, कारण त्याच हंगामात त्यांनी वेचलेला कापूस घरात धरून ठेवला आणि कधी नव्हे असा भाव त्यांना मिळाला. ज्यांनी दिवाळीआधी विकला ते हळहळले आणि किसनरावांचा रुबाब वाढला. एकदा बाजारात भेटले तर म्हणाले, "बघा मॅडम, थांबलो म्हणून झालं. व्याजाचं बी असंच करणार." हे मी शेटजींना सांगितलं तेव्हा ते गालातल्या गालात हसले. त्यांचं स्वतःचं कर्ज त्यांनी केव्हाच नव्या पद्धतीत आणलं होतं, भाव तळाला गेलेला नसतानाच. मी विचारलं होतं, शेटजी, अजून थांबायचं नाही? ते म्हणाले होते, "मॅडम, सगळ्यात खालचा भाव कोणता होता, ते पुढच्या साली कळतं. आज मला परवडतो ना? बस."

आणि पुढच्या साली कळलंच. व्याज चढायला लागलं. एकदा चढलं, परत चढलं, चढतच राहिलं.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी बँकेबाहेर फार थोड्यांना ठाऊक असते. व्याज वाढलं की हप्ता वाढतोच असं नाही. बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवतात आणि कर्जाची वर्षं वाढवतात. पगारातून दर महिन्याला तीच रक्कम कापली जाते, त्यामुळे घरात कोणाला पत्ता लागत नाही. माणूस खूश असतो, की आपल्याला काही वाढ झाली नाही. आणि तिकडे शेवटचा हप्ता गुपचूप पुढे पुढे सरकत असतो. एका दुपारी मी मगरेंचं खातं उघडून पाहिलं. शेवटचा हप्ता शोभाताईंच्या निवृत्तीच्या पुढे गेला होता, थोडाथोडका नाही, जवळपास तीन वर्षं.

फोनवर हे सांगायचं मला जिवावर आलं. तारण ठेवलेली घरं अधूनमधून जाऊन पाहायची असतात, तशी जाफराबादची काही घरं पाहायची राहिलीच होती. म्हणून मी एसटीने जाफराबादला गेले. रविवार असल्याने दोघंही घरी होते.

दार उघडलं आणि मला आत पाऊल टाकता येईना. हॉल कापसाने भरलेला होता. खिडकीच्या वरपर्यंत ढीग, सोफा त्याच्याखाली कुठेतरी, आणि भिंतीवरचे शोभाताईंचे खिळे निम्मे कापसात बुडालेले. एकावर छत्री अडकवली होती, तिची फक्त मूठ दिसत होती. आम्ही स्वयंपाकघरात बसलो.

"यंदा बी धरलाय," किसनराव कौतुकाने म्हणाले. "पहिले चांगला भाव व्हता, मंग उतरला. येतो परत. मागच्या साली आल्ता तसा येतो."

शोभाताई दंडाला खाजवत म्हणाल्या, "अहो, मॅडमना सांगा ना, आम्ही दोघं रात्रंदिवस खाजवून राह्यलो म्हणून." घरात कापूस साठवला की बारीक किड्यांनी अंगाला खाज सुटते, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. किसनरावांच्या मानेवरही लाल चट्टे होते, पण ते मान्य करायला तयार नव्हते.

मी खात्याचा कागद काढला आणि शेवटच्या हप्त्याच्या तारखेवर बोट ठेवलं. शोभाताईंनी ती तारीख वाचली. मनात काहीतरी मोजलं.

"म्हणजे मी घरी बसल्यावरही?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच्या हिशेबाने हो."

शोभाताई चहा टाकते म्हणून उठल्या आणि ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. चहाला फार वेळ लागला. किसनराव त्यांच्या पाठीकडे बघत होते. माझा स्वभाव तसा तापट आहे. शेवटी मी विचारलंच.

"किसनराव, हा कापूस कोणाचा?"

"माझा. अजून कोणाचा?"

"तो धरून ठेवायला काय खर्च येतो?"

"खर्चा कायचा? वजन जरा घटतं. उंदरं लागतेत. खाज सुटती. पण माल माझा हे, जवर धरीन तवर धरीन."

"बरोबर. आणि कर्ज कोणाचा माल?"

त्यांचा हात मानेवरच्या चट्ट्यांकडे गेला.

"तो माल बँकेचा आहे," मी म्हणाले. "तो तुम्ही घरात धरून ठेवलाय आणि वर दर महिन्याला गोदामाचं भाडं बँकेलाच देताय. स्वतःच्या मालासाठी थांबणं वेगळं. इथे थांबलात ते सगळे दिवस भाडं चालूच होतं. व्याज अजून पडेल म्हणून थांबलात, ते पडलं थोडं आणि चढलं जास्त. आता ते बाईंच्या निवृत्तीवर आलंय."

माझा आवाज चढला होता. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईने असं बोलू नये, हे कळत होतं. पण शोभाताईंची पाठ मला दिसत होती.

किसनराव चिडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "आता बदलून फायदा हे का बिलकुल न्हाई?"

"आहे. फरक आधीपेक्षा कमी झालाय, पण संपलेला नाही. आणि पुढे व्याज उतरेल तेव्हा तुमचंही आपोआप उतरेल, तुम्हाला कोणाला विचारायला नको. पण नुसतं तेवढ्याने कागद वेळेत येणार नाहीत. मुद्दल थोडं आत्ताच कमी करावं लागेल."

चहा आला. आम्ही तो पाऊसपाण्याच्या गप्पा मारत प्यायलो. निघताना किसनराव मला स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत एकदम म्हणाले, "किती भरावं लागंल? तिच्या रिटायरमेंटच्या आत बसवायचं तर?"

मी अंदाज सांगितला. ते चालता चालता थांबले.

"आज कापसाला भाव न्हाई, मॅडम."

"मी कापूस विका असं म्हणत नाहीये."

"तुम्ही कशाला म्हणताल," ते म्हणाले आणि समोरून आलेल्या गाडीकडे हात दाखवला. "बसा, तुमची गाडी लागली."

परतीच्या गाडीत मला वाटत राहिलं, की आपण फार बोललो. आता हे बहुतेक येणारच नाहीत. असं पूर्वी झालेलं होतं. किती तरी लोक माझ्याकडून सगळं समजून घ्यायचे, मान हलवायचे आणि पुन्हा फिरकायचे नाहीत. त्याहून जास्त लोक कधी विचारायलाच आले नाहीत. आजही रस्त्याने जाताना एखादं नीटनेटकं घर दिसलं की माझ्या मनात येतं, यांनी अर्ज केला असेल का? ती एक रुखरुख या नोकरीने मला दिली आहे आणि ती जाईल असं वाटत नाही.

पण किसनराव आले. पुढच्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी, एकटे. कपडे नेहमीसारखे पांढरे नव्हते. केसांत, भुवयांत, कानात कापसाचे तंतू होते. कापूस घालून थेट जिनिंगवरून, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यावरून आले होते. पैसे खात्यात जमा झाल्याचं त्यांनी मोबाईलवर दाखवलं आणि म्हणाले, "घ्या भरून. बाईला बोलावलं हे मी. शाळा सुटली की येतेन."

शोभाताई आल्या तेव्हा त्यांना फक्त सहीला बोलावलंय एवढंच माहीत होतं. त्यांनी नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"कापूस विकला?"

"हॉल मोकळा करायचा व्हता," किसनराव म्हणाले. "पाव्हणे आले तर बसवायचं कुठं?"

"कोण पाव्हणे येणार आहेत?"

"येतेन की कोणी तरी."

शोभाताईंनी पर्समधून रुमाल काढला. मला वाटलं डोळे पुसतील. त्यांनी किसनरावांच्या कानातला कापूस पुसला, माझ्यासमोर, भर बँकेत, शाळेतल्या पोराचा पुसावा तसा. किसनराव लाजून भिंतीवरच्या पंख्याकडे बघत बसले. मी उगीचच प्रिंटरशी खुडबुड केली. मग दोघांनी सह्या केल्या, ड्रॉवरमधल्या जुन्या अर्जावर नाही, नव्या अर्जावर; तो जुना फॉर्म तोवर बँकेने बदलला होता.

व्याज त्यानंतरही काही दिवस वरच होतं आणि किसनराव मला अधूनमधून फोन करायचे. आवाज ओळखायची गरज नसायची, कारण पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "मॅडम, आज काय भाव?" आता तेही व्याजाबद्दलच विचारायचे. शेटजींचा प्रश्न जाफराबादपर्यंत कसा पोहोचला कोण जाणे. हळूहळू व्याज उतरलं आणि त्यांचं कर्ज त्याबरोबर आपोआप हलकं झालं. हप्ता मात्र शोभाताईंनी कमी होऊ दिला नाही. व्याज उतरलं तरी हप्ता तोच ठेवला की वर्षं कमी होतात, हे त्या माझ्याकडून शिकल्या आणि मग त्यांनी आपल्या शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना शिकवलं. त्यांच्या शाळेतून इतके अर्ज आले, की साहेबांनी मला विचारलं, तुम्ही तिथे प्रचाराला गेल्या होत्या का?

मी निवृत्त झाले. माझ्या खुर्चीवर आता एक नवी मुलगी बसते, हुशार आहे. यंदा दसऱ्याच्या आधी शोभाताईंचा फोन आला. शेवटचा हप्ता गेला होता आणि त्यांची निवृत्ती अजून काही महिने पुढे होती. "कागद घ्यायला यायचंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्याकडून बसा."

म्हणून मी नोकरीत पहिल्यांदाच टेबलाच्या या बाजूला बसले, म्हणजे नोकरी संपल्यावर. इथून खुर्ची फार खाली वाटते, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. त्या मुलीने तिजोरीतून पाकीट आणलं. शोभाताईंनी चष्मा लावला आणि एकेक पान उत्तरपत्रिका तपासावी तसं तपासलं, पाठपोट. मग पाकीट छातीशी धरून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आता जेवायला जाफराबादला चलायचं, नाही म्हणायचं नाही.

एवढ्या वर्षांत मी पुष्कळांचे हिशेब केले. त्यात माझी कर्तबगारी थोडी, कागदावरचे आकडे कोणालाही मांडता येतात. पण लोकांनी माझ्यापुढे पिशव्या रिकाम्या केल्या, कधी भीती, कधी हट्ट, कधी नवऱ्याशी झालेलं भांडणसुद्धा. बँकेच्या माणसाला कोणी एवढं सांगत नाही. त्या टेबलाने मला जालना जिल्ह्यातली किती तरी घरं आतून दाखवली. मी त्या सगळ्यांची ऋणी आहे आणि हे ऋण फेडायची मला घाई नाही.

जाफराबादच्या घरात हॉल लख्ख झाडलेला होता. सोफा दिसत होता. छत्री खिळ्यावर पूर्ण दिसत होती. शोभाताई पाकीट घेऊन कपाटाकडे गेल्या आणि मी आणि किसनराव समोरासमोर बसलो. मला एक गोष्ट बरेच दिवस विचारायची होती.

"किसनराव, त्या वर्षी तुम्ही घाईत कापूस विकला. पुढे भाव काय झाला, चढला की उतरला?"

ज्या माणसाने मला कापसाचा, सोयाबीनचा, व्याजाचा, एकदा तर माझ्या पर्सचासुद्धा भाव विचारला होता, त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

"माहीत न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "त्या साली परत इचारलाच न्हाई."